औषधाला पाय फुटतात

औषध आणि दुखणे यांची गाठ पडायची, तर कुणाला तरी चालावे लागते. एटापल्लीकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. ऐन पावसाळ्यात टोल्यावरचा एखादा माणूस हिवतापाने फणफणला आणि नाल्याला पूर असला, म्हणजे खाटेला बांबू बांधायचा, खाट खांद्यावर घ्यायची आणि दवाखान्याची वाट धरायची. इथे रोगी औषधाकडे चालत जातो, आणि तेही दुसऱ्याच्या पायांनी. आशाताई गोळ्यांची पिशवी घेऊन टोल्यावर पोचली, तर औषध रोग्याकडे चालत आले असे म्हणायचे. बरे, गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्यायले, म्हणजे तरी गाठ पडली का? नाही. एक प्रवास तिथून पुढे उरतोच. अंतर वीत-दोन वीत. पण ती वाट चालायला औषधाला पाय नाहीत.

गोळी पोटात विरघळते, औषध आतड्यातून रक्तात उतरते आणि रक्त नेईल तिकडे जाते. दुखणे एका जागी, औषध मात्र अंगभर. हिवतापाचेच उदाहरण घ्या. व्हायवॅक्स जातीचा हिवताप आपले काही जंतू यकृतात दडवून ठेवतो आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, ताप पुन्हा उलटतो. त्या दडलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्वीनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. औषध हवे यकृतात; पण ते फिरते साऱ्या रक्तातून. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटू लागतात. मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत अशी माणसे आढळतात, आणि म्हणून डॉक्टरला हे औषध जपून द्यावे लागते. कोपऱ्यातल्या एका घरी निरोप द्यायचा आणि त्यासाठी साऱ्या तालुक्यात दवंडी पिटायची, तसला हा प्रकार!

तेव्हा औषधालाच पाय फुटले तर? ते आपल्या बळावर पोटातून, रक्तातून वाट काढत नेमके दुखण्यापाशी गेले तर? ही कल्पना माणसाच्या डोक्यात कशी आली आणि ती आज कुठवर आली आहे, याची हकीकत मी सांगणार आहे. माझा विषय इतिहास. विज्ञान मी शेजारच्या वर्गाच्या भिंतीतून ऐकत आलो. पण ही हकीकत इतिहासाचीच आहे, आणि तिला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

नभोवाणीवरच्या भाषणांच्या पुस्तिकेत ती सांगताना एक गंमत वाटते. माणसाने गिळलेल्या पहिल्यावहिल्या यंत्रांपैकी एक यंत्र म्हणजे चक्क एक चिमुकले नभोवाणी केंद्र होते. १९४७च्या डिसेंबरात अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि रेडिओची मोठी पेटी लहान होऊ लागली. दहाच वर्षांत, १९५७ साली, ती इतकी लहान झाली की घशाखाली उतरली. स्वीडनमध्ये स्टुअर्ट मॅके आणि बर्टिल याकोबसन यांनी आणि अमेरिकेत जॉन फॅरार व व्लादिमीर झ्वोरिकिन यांनी त्याच वर्षी अशा कॅप्सुली जगापुढे मांडल्या. झ्वोरिकिन हे नाव दूरदर्शनच्या शोधामुळे काहींनी ऐकले असेल. तेच हे गृहस्थ. इंचभर लांबीच्या त्या कॅप्सुलीत एक ट्रान्झिस्टर आणि एक बारकी बॅटरी. पोटातला दाब बदलला की तिची लहर बदले, आणि बाहेर रेडिओ लावून बसलेला डॉक्टर ती ऐके. रोग्याच्या आतड्याचे 'थेट प्रक्षेपण' म्हणा ना!

पण तिला स्वतःची चाल नव्हती. आतडे आपल्या स्नायूंनी अन्न पुढे ढकलते, तसेच ते तिलाही ढकलत नेई. पूर आलेल्या नाल्यातला ओंडका वाहतो, तशी ती वाहायची.

पुढच्या गोष्टीत कल्पनाशक्ती अधिक आहे. २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियात रिचर्ड फाइनमन या पदार्थवैज्ञानिकाने एक भाषण दिले. वस्तू लहान करत जाण्याला निसर्गाचा फारसा अडसर नाही, तळाशी अजून पुष्कळ जागा रिकामी पडली आहे, असा त्याचा आशय. त्यात आपल्या एका मित्राची, अल्बर्ट हिब्सची, कल्पना त्यांनी सांगितली. शस्त्रक्रिया करणारा यांत्रिक वैद्यच गिळून टाकता आला तर किती बरे होईल! तो रक्तातून हृदयात जाईल, बिघडलेली झडप शोधील आणि बारक्या सुरीने ती कापून काढील. सभागृहात हशा पिकला असेल. पण फाइनमननी बक्षीसही लावले. इंचाचा चौसष्टावा भाग एवढ्याच लांबी-रुंदी-उंचीत मावणारी चालती विजेची मोटार जो करील, त्याला हजार डॉलर.

वर्षही लोटले नाही, तोच १९६० साली विल्यम मॅकलेलन नावाचा एक इंजिनियर मोटार घेऊन दारात उभा! सूक्ष्मदर्शकाखाली, घड्याळजीच्या हत्यारांनी, हातानेच तेरा भाग जुळवून त्याने ती केली होती. फाइनमनना पैसे द्यावे लागले, आणि ते जरा खट्टूच झाले. बक्षिसापायी काहीतरी नवी युक्ती निघेल अशी त्यांची अपेक्षा होती. इथे तर जुन्याच कारागिरीने, नुसत्या चिकाटीने, काम तडीस नेले होते.

१९६६ साली याच कल्पनेवर हॉलिवूडने एक चित्रपट काढला. पाणबुडी आणि तिच्यातले डॉक्टर जंतूएवढे लहान होतात आणि रोग्याच्या रक्तातून मेंदूतल्या गाठीकडे जातात, अशी कथा. चित्रपट गाजला, आणि पाणबुडी लहान केली की काम झाले असा एक समजही पसरला. तो समज खोटा होता. का, ते आता जरा निवांतपणे पाहू, कारण साऱ्या हकीकतीचे मर्म इथेच आहे.

आपल्याकडच्या नदीत डोंगा चालवणारा माणूस पाहा. त्याने वल्ह्याचा एक फटका मारून हात थांबवला, तरी डोंगा काही हात पुढे सरकतो. वस्तुमान आहे, गती आहे, म्हणून तो घसरत जातो. आता तोच डोंगा लहान करत करत जंतूएवढा, म्हणजे एकदोन मायक्रॉनचा करा. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. तेवढ्या लहान वस्तूला पाणी हे पाणी उरत नाही. पोळे पिळून हंडा भरावा आणि त्या मधात मुंगी पडावी, तशी तिची गत होते. पुढे ढकलणारे बळ थांबले, की ती त्याच क्षणी थांबते. एडवर्ड पर्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने याचे गणित मांडले. पोहणाऱ्या जंतूने पोहणे थांबवले, तर तो किती अंतर घसरत जाईल? उत्तर आले: एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी!

पर्सेलचे हे भाषण १९७६ सालचे, छापले गेले १९७७ साली. त्यात त्यांनी शिंपल्याची गोष्ट सांगितली आहे. समुद्रातला एक शिंपला आपली दोन कवाडे हळू उघडतो आणि झटकन मिटतो, आणि त्या झटक्याने पुढे जातो. तोच शिंपला जंतूएवढा झाला, तर उघडताना जेवढा मागे जाईल, नेमका तेवढाच मिटताना पुढे येईल. हळू-झटकन याला तिथे काही अर्थच नाही. जन्मभर कवाडे आपटली तरी स्वारी जागच्या जागी! म्हणजे चित्रपटातली पाणबुडी, होडीचे वल्हे, माशाची शेपटी, या आपल्या ओळखीच्या युक्त्या लहान करून तिथे चालणाऱ्या नव्हत्या. तिथली रीतच निराळी.

मग जंतू पोहतात कसे? हे कोडे हॉवर्ड बर्ग यांनी थोडे आधीच, १९७३ साली, सोडवायला घेतले होते. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूला लांब, पिळाच्या शेपट्या असतात. त्या चाबकासारख्या हलत असतील, असा पूर्वीचा समज. बर्ग यांनी दाखवले की त्या चक्क गरगर फिरतात, मुळाशी एक इवलीशी मोटार असावी तशा. सुताराचे गिरमिट लाकडात जसे फिरत फिरत शिरते, तसा जंतू पाण्यात पिळाने शिरतो. मळसूत्राची युक्ती माणसाला सुचली, त्याच्या कितीतरी आधी निसर्ग ती वापरत होता.

हिवतापाचा जंतू तर याहूनही कसबी. डास चावतो तेव्हा तो कातडीत सोडला जातो. त्याला शेपटी नाही, वल्हे नाही. तो आपल्या अंगाच्या बळावर घसरत, सरपटत कातडीतून वाट काढतो, रक्तवाहिनी गाठतो, आणि रक्तात उतरल्यावर साऱ्या अंगातून नेमके यकृत ओळखून तिथे शिरतो. ज्या कुपीचे स्वप्न शास्त्रज्ञ पाहतात, तसा प्रवास हा दुष्ट आपल्या जंगलात नेहमीच करतो.

यानंतर जवळजवळ पाव शतक प्रत्यक्षात फारसे काही हाती लागले नाही. मधे एक मोठे काम झाले, तेही न चालणाऱ्या कॅप्सुलीचेच. क्षेपणास्त्रांच्या 'डोळ्यां'वर काम केलेले गॅव्ह्रिएल इद्दान नावाचे एक इस्रायली इंजिनियर. त्यांनी २६ मिलिमीटर लांबीच्या कॅप्सुलीत कॅमेरा बसवला. २००० साली ते काम प्रसिद्ध झाले, २००१ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. लहान आतडे सहा-सात मीटर लांब, वेटोळ्यांचे; तिथवर वरून किंवा खालून नळी घालणे फार अवघड. ही कॅप्सुल सेकंदाला दोन छायाचित्रे काढत त्यातून पार होते. आज मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरतात. चाल मात्र उसनी, आतड्याची.

स्वतःची चाल आली ती २१व्या शतकात, आणि ती तीन वाटांनी आली. पहिली वाट इंधनाची. २००४ साली अमेरिकेत आयुष्मान सेन आणि थॉमस मॅलोक यांनी दोन मायक्रॉन लांबीच्या काड्या केल्या, अर्ध्या सोन्याच्या, अर्ध्या प्लॅटिनमच्या. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात त्या आपण होऊन पोहू लागल्या. जखम धुताना जे फेसाळते तेच हे पेरॉक्साइड. पण ते काही आपल्या रक्तात भरलेले नसते! मग जोसेफ वांग आणि त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांनी विचार केला, की शरीरात आयते इंधन कुठे आहे? जठरात आहे; तिथे आम्ल आहे. जस्त किंवा मॅग्नेशियम आम्लात पडले की हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, हे आठवी-नववीतल्या मुलालाही ठाऊक. त्या बुडबुड्यांच्या जोरावर कुपी पळेल. २०१५च्या सुमारास उंदराच्या जठरात जस्ताच्या कुप्या पळाल्याही, आणि पळून जठराच्या आतल्या अस्तरात जाऊन रुतल्या. २०१७ साली त्यांनी मॅग्नेशियमच्या, वीसेक मायक्रॉनच्या गोळ्यांवर प्रतिजैविक औषध चढवले आणि जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूवर सोडले. एरवी या जंतूच्या औषधाबरोबर आम्ल कमी करणारी दुसरी गोळी घ्यावी लागते. इथे मॅग्नेशियमच धावता धावता आम्ल खाऊन टाकते, आणि काही वेळाने आम्ल पुन्हा पूर्ववत होते. पाच दिवसांत उंदरांतले जंतू घटले. युक्ती साधी आहे, म्हणून मला ती फार आवडते.

दुसरी वाट चुंबकाची, आणि ती आपल्या देशातून गेली आहे. अंबरीश घोष यांनी अमेरिकेत पीअर फिशर यांच्याबरोबर २००९ साली काचेची बारीक मळसूत्रे केली, लांबी एकदोन मायक्रॉन, आणि त्यांना चुंबकाने ओढला जाणारा धातू लावला. भोवती चुंबकीय क्षेत्र गरगर फिरवले, की मळसूत्रही फिरते आणि पुढे शिरते. जंतूच्या शेपटीचीच ही नक्कल. पुढे घोष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. जमशेटजी टाटांनी जिचे स्वप्न पाहिले आणि जी १९०९ साली उभी राहिली, तीच ही संस्था. तिथे ही मळसूत्रे माणसाच्या रक्ताच्या नमुन्यात चालवून पाहिली गेली, जिवंत पेशीच्या आतही फिरवली गेली. २०२२ साली त्यांच्या गटाने ती दातात घातली. दाताच्या आत केसाहून कितीतरी बारीक नळ्या असतात. रूट कॅनालचे उपचार केले, तरी त्या नळ्यांत जंतू दडून राहतात आणि दात पुन्हा ठणकतो. काढलेल्या दातांवरच्या प्रयोगांत ही मळसूत्रे त्या नळ्यांत सुमारे दोन मिलिमीटर खोल शिरली आणि तिथे तापून त्यांनी जंतू मारले. आपल्या भागात खर्रा खाऊन दात गमावलेली माणसे पुष्कळ. त्यांच्यासाठी हा उपाय नव्हे, हे मुद्दाम सांगतो. खर्रा सोडायला चुंबक लागत नाही.

काटेकोर बोलायचे, तर ही कुपी स्वयंचलित नव्हेच. चालवणारा बाहेर असतो. मोठी कॅप्सूल जठरात बाहेरच्या चुंबकाने वळवायचे यंत्र चीनमध्ये रुग्णालयांत वापरात आले आणि २०२० साली अमेरिकेनेही त्याला परवानगी दिली. पण ते यंत्र खोलीभर जागा अडवते.

तिसरी वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते, आणि ती मुंबईत शिकलेल्या एका माणसाशी जोडलेली आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला; जुन्या लोकांना तो यूडीसीटी या नावानेच माहीत. तिथून १९९२ साली पदवी घेऊन समीर मित्रगोत्री अमेरिकेत गेले आणि पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाले. औषध शरीरात नेमके कसे पोचवावे, हाच त्यांचा जन्माचा विषय. त्यांचा विचार असा, की चालणारे यंत्र घडवत बसण्यापेक्षा शरीरात आधीपासून जे चालते आहे, त्याच्याच पाठीवर ओझे द्यावे. आपल्या शरीरात भक्षक पेशी असतात. त्या सरपटत हिंडतात, जंतू दिसला की गिळतात, सूज किंवा गाठ असेल तिकडे जातात. वाट दाखवायला नको, इंधन घालायला नको. अडचण एकच: पाठीवर ठेवलेले ओझेही त्या गिळून टाकतात!

यावर तोड सापडली ती आकारात. २००६ साली मित्रगोत्री आणि त्यांची विद्यार्थिनी जूली चॅम्पियन यांनी दाखवले, की भक्षक पेशी कण गिळील की नाही हे तिला तो कोणत्या बाजूने भिडला यावरही ठरते. टोकदार बाजूने भिडला तर ती गट्ट करते. पसरट बाजूने भिडला तर त्याच्यावर नुसती पसरते आणि तशीच राहते. लाडू तोंडात जातो, पापड मोडल्याशिवाय जात नाही, असेच काहीसे. तेव्हा ओझे पापडासारखे चपटे करायचे. अशा चकत्या पेशींच्या पाठीवर चिकटवण्याचे काम मॅसॅच्युसेट्सच्या शास्त्रज्ञांबरोबर २०११च्या सुमारास झाले. २०२० साली मित्रगोत्रींच्या गटाने त्या चकत्यांत एक औषधी द्रव्य भरले आणि पेशी उंदरांच्या स्तनातल्या कर्करोगाच्या गाठीत सोडल्या. एरवी अशी गाठ भक्षक पेशींना फितवून आपल्या बाजूला वळवते. पाठीवरच्या शिदोरीने या पेशी फितल्या नाहीत; गाठीची वाढ मंदावली, रोगाचा फैलाव कमी झाला.

आता आपण म्हणाल, हे सगळे उंदरांचे झाले, माणसांचे काय? प्रश्न रास्त आहे. कॅमेऱ्याची कॅप्सूल आणि चुंबकाने वळवायची कॅप्सूल सोडली, तर यातले काहीही अजून नेहमीच्या उपचारात आलेले नाही. काम झाल्यावर या कुप्या शरीराबाहेर कशा पडतील, उरलेल्या धातूचे काय होईल, हजारो कुप्या आत असताना डॉक्टरला त्या दिसतील कशा, याची उत्तरे सापडल्याशिवाय त्या माणसाला देता येत नाहीत, आणि देऊही नयेत.

मी मात्र या तिन्ही वाटांना आणखी एक प्रश्न विचारतो. हे औषध आशाताईच्या पिशवीत मावेल काय? चुंबकाच्या वाटेला रोगी यंत्रापाशी आणावा लागणार. म्हणजे पुन्हा खाट आणि पुन्हा तोच नाला. पेशींच्या वाटेला रोग्याच्या पेशी काढून प्रयोगशाळेत नेणे, थंड जागी जपणे, परत आणणे आले. शहाणपणाची म्हणून मी जी वाट निवडली, तीच आपल्याला सर्वांत लांबची पडते, याला काय करावे! पिशवीत मावण्याजोगी आहे ती मॅग्नेशियमची कुपी. तिला यंत्र लागत नाही. लागते फक्त माणसाचे पोट. पण जठराबाहेर आम्ल नाही, म्हणून यकृतात दडलेल्या हिवतापापर्यंत ती पोचत नाही. तिथे आजही प्रायमाक्वीनचे १४ दिवसच आहेत, आणि आठव्या दिवशी ताप गेला म्हणून गोळ्या टाकून देऊ नका, असे सांगत टोल्याटोल्याला जाणारी आशाताई आहे.

शिक्षकबंधूंना जाता जाता एक प्रयोग सुचवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल असते. काचेच्या पसरट भांड्यात थोडे आम्ल घ्या, फितीचा नखाएवढा तुकडा त्यात टाका. जवळ दिवा किंवा काडी नको, कारण निघणारा वायू पेटतो. तुकडा बुडबुड्यांच्या जोरावर भांडेभर धावू लागेल. मुले टाळ्या वाजवतील. मग दुसरा तुकडा हातात घ्या, आणि आम्लात टाकण्याआधी त्यांना विचारा, हा कोणत्या बाजूला जाईल?